एकच ऊन, घरातली तीन माणसं

मानेवाड्याहून एका ताईंनी विचारलं आहे. घरात सासरे ७२ वर्षांचे. ते रोज सकाळी सातला गच्चीवर उघड्या अंगाने बसतात, कारण उन्हाने प्रतिकारशक्ती वाढते. धाकट्या नणंदेला दोन वर्षांपूर्वी ल्युपस निघाला, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. तिला डॉक्टरांनी ऊन बंद केलंय, कारण उन्हाने तिची प्रतिकारशक्ती खवळते. आणि ताईंच्या ११ वर्षांच्या मुलाला कोड आहे. त्याला आठवड्यातून दोनदा अतिनील किरणांच्या मशीनमध्ये उभं करतात, का तर त्या किरणांनी प्रतिकारशक्ती शांत होते. सासऱ्यांचं म्हणणं, मशीनवर पैसे कशाला घालवता, बावची या औषधी वनस्पतीचं तेल लावा आणि पोराला माझ्याजवळ गच्चीवर बसवा. ताई विचारतात, "एकाच उन्हाबद्दल तीन जण तीन गोष्टी सांगतात. खरं कोण बोलतंय?"

ताई, तिघंही खरं बोलताहेत, पण प्रत्येकाचं अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलंय. नागपुरात त्वचारोगांची ओपीडी चालवताना हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतो, आणि ओपीडीच्या गर्दीत त्याचं उत्तर कधीच पुरं देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गफलत दूर करू. ऊन तापणं वेगळं आणि उन्हात अतिनील किरण असणं वेगळं. हे किरण डोळ्याला दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तो दुपारी तीन-चारच्या सुमारास. तेव्हा आपण सगळे दारं लावून कूलरसमोर असतो. अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य माथ्यावर असताना सगळ्यात जास्त. भारताची घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आणि नागपूर ७९ अंशांवर, त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो साधारण सव्वाबाराला. त्या वेळी लोक बाजारात असतात, शाळा सुटलेली असते, स्कूटी सिग्नलला उभी असते. "अजून ऊन तापलं नाही" म्हणून माणूस अकरा-साडेअकराला निघतो आणि नेमका त्या वेळेत सापडतो. दिवसभरातल्या यूव्हीबी, म्हणजे चामडी भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी निम्म्याहून जास्त दहा ते दोन या चार तासांत पडतात. आपला अक्षांश २१. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा लागतो तेव्हा, दुपारी सूर्य अगदी काटकोनात डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत आभाळ स्वच्छ असेल तर आपला यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या जोराचा आकडा, ११ च्या पुढे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत सगळ्यात वरच्या पायरीवर असतो. तिथे ३ पासूनच काळजी घ्या म्हणतात.

या किरणांत दोन जाती आपल्या कामाच्या. यूव्हीबी थोडे, जमिनीवर पोचणाऱ्यांपैकी पाचेक टक्के. पण चामडी भाजतात तेच, ड जीवनसत्त्व बनवतात तेच, आणि खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत. बाकीचे ९५ टक्के यूव्हीए. ते काचेतून आरपार येतात आणि त्वचेत खोल जातात. सकाळ-संध्याकाळी यूव्हीबी जेवढे घटतात तेवढे हे घटत नाहीत. तिसरी जात यूव्हीसी, ती ओझोनच्या थरात अडकते.

आता मूळ मुद्दा. आपण प्रतिकारशक्तीबद्दल टाकीतल्या पाण्यासारखं बोलतो, वाढली, कमी झाली. पण ती एकच वस्तू नाही. जंतू आला की लगेच तुटून पडणारा एक भाग जन्मजात असतो. दुसरा भाग शिकून तयार होतो, कोण आपलं आणि कोण परकं हे ओळखून लक्षात ठेवतो. त्यात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचं राज्य. अतिनील किरण या दोघांना एकाच दिशेने ढकलत नाहीत. पहिल्याला ते जरा चेतवतात. यूव्हीबी पडल्यावर त्वचेत जंतू मारणारी छोटी प्रथिनं वाढतात. दुसऱ्याला ते गप्प बसवतात. तुमच्या घरातला सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

गप्प बसवतात म्हणजे काय करतात, हे कळायला एक पेशी ओळखून घ्या. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्वचेचा काप सोन्याच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अगदी वरच्या थरात त्याला फांद्या पसरलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्या खऱ्या पहारेकरी आहेत, हे कळायला शंभरेक वर्षं गेली. त्वचेवर काही परकं आलं की या लँगरहान्स पेशी त्याचा तुकडा उचलतात, जवळच्या लसीकागाठीत जातात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात, हा बघा, याला ओळखून ठेवा.

चांगलं कडक ऊन लागलं की काही तासांत या पेशी त्वचेतून निघू लागतात. ज्या गाठीत पोचतात त्यांचा डीएनए किरणांनी दुखावलेला असतो, आणि त्या टी-पेशींना 'हल्ला करा'ऐवजी 'राहू द्या' असा धडा देतात. त्यातून नियंत्रक टी-पेशी तयार होतात, त्यांचं कामच बाकीच्यांना आवरणं. त्याच वेळी त्वचेच्या वरच्या थरातलं युरोकॅनिक आम्ल किरण शोषून आपला आकार बदलतं. हा बदललेला रेणूही शांत करणारे निरोप पाठवतो. इंटरल्यूकिन-१० सारखे शामक निरोप्ये वाढतात. पातळ झालेला पहारा पूर्ववत भरायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. यासाठी कातडी भाजून लाल व्हावीच लागते असंही नाही. लाली येण्याच्या आतल्या मात्रेलाही हा परिणाम मोजता येतो. आणि ऊन जास्त झालं तर तो फक्त उघड्या हातापुरता राहत नाही, झाकलेल्या कातडीतही दिसतो.

हे पहिल्यांदा ठळकपणे कळलं ते उंदरांमुळे. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिप्के यांनी अतिनील किरणांनी झालेल्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी काढून त्याच वंशाच्या निरोगी उंदरांत लावल्या. गाठी टिकल्या नाहीत, शरीराने त्या फेकून दिल्या. मग तशाच गाठी आधी किरण दिलेल्या उंदरांत लावल्या, आणि तिथे त्या वाढल्या. म्हणजे किरणांनी नुसती गाठ उगवत नाही, ती ओळखून मारणारी नजरही मंदावते. माझ्या शिक्षणाच्या दिवसांत हे वाचलं तेव्हा मी ते पान परत परत वाचल्याचं आठवतं. त्याआधी ऊन म्हणजे भाजणं आणि काळं पडणं एवढंच डोक्यात होतं.

पण निसर्गाने असं का केलं असेल? मला पटणारं उत्तर असं. रोजच्या उन्हाने त्वचेतली प्रथिनं आणि चरबी थोडी थोडी बदलत असतात. बदललेली प्रत्येक गोष्ट परकी समजून शरीर तुटून पडलं असतं तर रोज दुपारी आपल्या अंगावर पुरळ उठलं असतं. हे नुसतं अनुमान नाही, असे लोक खरोखर असतात आणि नागपुरात भरपूर आहेत. होळी झाली की माझ्याकडे रांग लागते. हाताच्या बाहेरच्या बाजूला, मानेवर, गळ्याच्या उघड्या भागावर टाचणीच्या टोकाएवढ्या फिकट, खाजऱ्या पुळ्या. "डॉक्टरसाहेब, घामोळं आहे, पावडर लावून राहिली, पण जाऊनच नाही राहिलं." ते घामोळं नसतं. त्याला पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन म्हणतात, साध्या भाषेत उन्हाची अ‍ॅलर्जी. या लोकांची त्वचा ऊन लागल्यावर जेवढी शांत व्हायला हवी तेवढी होत नाही, म्हणून ती स्वतःच्याच बदललेल्या रेणूंवर चिडते. गंमत म्हणजे मे-जूनपर्यंत बऱ्याच जणांचं हे आपोआप बसतं, ऊन वाढलेलं असूनही. रोज थोडं थोडं लागून त्वचेने शांत राहणं शिकलेलं असतं. तेव्हा हे शांत होणं म्हणजे शरीराचा दोष नव्हे, जगण्यासाठी केलेली सोय आहे. तिची किंमत चुकवावी लागते ती मात्रा हाताबाहेर गेली की.

ती किंमत कुठे दिसते? लग्नाच्या वरातीत किंवा शेतात दिवसभर उन्हात राहिल्यावर दोन-तीन दिवसांनी ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस येतो, तो बऱ्याचदा यामुळेच. नागीणीच्या कुळातला हर्पीस विषाणू मज्जातंतूत झोपलेला असतो आणि पहारा ढिला पडताच वर येतो. क्षयरोगासाठी हातावर टोचतात ती माँटू चाचणी किरण दिलेल्या त्वचेवर कमी उठते. लसींबद्दल मात्र घाबरू नका. नेदरलँड्समध्ये स्वयंसेवकांना आधी यूव्हीबी देऊन मग काविळीची ब प्रकारची लस टोचली होती. त्यांच्या त्वचेची प्रतिक्रिया मंदावली, पण लसीने तयार होणारी प्रतिद्रव्यं एकूणात घटली नाहीत.

त्वचेच्या कर्करोगाचं भय आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला गोऱ्या लोकांइतकं नाही, मेलॅनिनने डीएनए बराच वाचतो. पण त्यावरून कोणी असं समजू नये की रंग काळा म्हणजे प्रतिकारशक्तीवर परिणाम शून्य. गडद त्वचेतही यूव्हीबीने ही मंदावण्याची क्रिया झालेली पाहिली आहे. आणि ज्यांचं मूत्रपिंड बदललंय, जे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी तर ऊन जपायलाच हवं. त्यांचा पहारा आधीच अर्धा उठलेला असतो. त्यांच्यापैकी ज्यांना अ‍ॅझाथायोप्रिन चालू आहे त्यांचा डीएनए यूव्हीएलाही जास्त हळवा होतो.

आता तुमच्या घरात येतो. आधी नणंदबाई, कारण धोका त्यांनाच सगळ्यात जास्त.

किरण पडले की त्वचेतल्या काही पेशी मरतात. तुमच्या-माझ्या अंगात त्यांचा कचरा वेळेत उचलला जातो. ल्युपसमध्ये ही सफाई रेंगाळते. पेशीच्या केंद्रात लपलेली प्रथिनं, रो आणि ला या नावाची, पेशीच्या पृष्ठभागावर उघडी पडतात, आणि ल्युपसच्या रोग्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयारच असतात. ती तिथे चिकटतात, इंटरफेरॉन नावाच्या भडकवणाऱ्या निरोप्यांचा लोंढा सुटतो आणि आग पसरते. शांत करणारी यंत्रणा तिच्याही अंगात असते, पण या आगीपुढे ती तोकडी पडते. आणखी एक अवघड गोष्ट म्हणजे परिणाम लगेच दिसत नाही. आज दुपारी बर्डीवर खरेदी केली आणि गालावर लाली आली दहा दिवसांनी, तर दोघांचा संबंध कोणाच्या लक्षात येणार? शिवाय हे गालापुरतं थांबेलच असं नाही. सांधे दुखू शकतात, आजार आतून, अगदी मूत्रपिंडातही उसळू शकतो.

इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण तिने मला फार शिकवलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तिशीतल्या बाई आल्या. पाठीवर, दंडांवर लाल, खवले सुटणारे चट्टे. मला सोरायसिस वाटला. सोरायसिसवर ३११ नॅनोमीटरची यूव्हीबी उत्तम चालते, म्हणून मी लाइट सुरू केला. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर त्या म्हणाल्या, "साहेब, वाढून राहिलं." मी त्यांना हात पुढे करायला सांगितला. बोटांच्या पेरांवरची कातडी लाल होती आणि सांध्यांवरची सोडलेली होती. चट्ट्यांच्या कडा कंगोऱ्यासारख्या उठल्या होत्या. बायोप्सी केली, रक्त पाठवलं. रोची प्रतिद्रव्यं भरपूर. तो सोरायसिससारखा दिसणारा ल्युपस होता, आणि मी त्याला आठवड्यातून तीनदा किरण पाजत होतो. औषधांनी त्या सावरल्या, पण तेव्हापासून संशयाची एक रेघ जरी असली तरी एएनए ही ल्युपससाठीची रक्ततपासणी केल्याशिवाय मी कोणालाही मशीनमध्ये उभं करत नाही. दुसऱ्याला औषध असलेली तीच ट्यूब या बाईंना विष ठरली.

म्हणून नणंदबाईंनी काय करावं? त्यांच्या बाबतीत उन्हाच्या वेळा पाळून भागणार नाही, कारण यूव्हीए सकाळीही आहे, ढगातही आहे आणि कारच्या खिडकीतूनही आत येतो. आपल्याकडच्या मुली स्कूटीवर फक्त डोळे दिसतील असा दुपट्टा बांधतात, ती सवय उत्तम आहे, पण दुपट्टा कोणता तेही बघा. तो दिव्यासमोर धरा. उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर किरणही तसेच जातात. पांढरा झिरझिरीत सुती दुपट्टा, त्यातून घामाने ओला, फारसं अडवत नाही. गडद रंगाचं घट्ट विणीचं कापड घ्या, पूर्ण बाह्या, हातमोजे. उन्हाळ्यात चौकात सिग्नलवर हिरवी जाळी ताणतात, तिने जिवाला बरं वाटतं, पण तिच्या छिद्रांतून आणि बाजूच्या मोकळ्या आभाळातून विखुरलेले किरण येतातच. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफ हा आकडा फक्त लाली किती अडते ते सांगतो, मुख्यतः यूव्हीबीचं. प्रतिकारशक्तीवरचा परिणाम यूव्हीएनेही होतो, म्हणून एसपीएफ ३० च्या वर आणि सोबत पीएची, म्हणजे यूव्हीए किती अडतात ते सांगणारी, तीन-चार अधिक चिन्हं असलेलं घ्या. प्रमाण फार महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून पट्टी लागते, लोक हरभऱ्याएवढं लावतात आणि म्हणतात फरक पडत नाही. आपल्या घामात दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. आणि घरात कोणाच्या रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी किंवा नायट्यावरची टर्बिनाफिन नणंदबाईंनी आपल्या मनाने घेऊ नये. या दोन्हींनी त्वचेचा ल्युपस उठू शकतो. ल्युपसवरचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर ते बंद करू नका. रोजची मात्रा वजनाच्या किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत आहे ना, आणि सुरुवातीला डोळे तपासले ना, एवढं बघा.

ऊन बंद केलं की ड जीवनसत्त्व कमी पडणार, हे ठरलेलंच. ते रक्तात तपासून गोळीने भरा. फक्त ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम चढलेले, उलट्या होत असलेले रोगी मी पाहिले आहेत.

सासऱ्यांकडे वळतो. त्यांची श्रद्धा बिनबुडाची नाही. १९०३ चं वैद्यकाचं नोबेल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना मिळालं ते त्वचेचा क्षय प्रकाशाने बरा केल्याबद्दल. क्षयाच्या रोग्यांना आरोग्यधामांत उन्हात झोपवायचे तो काळ तोच. २००६ साली त्यामागचा एक धागाही सापडला. क्षयाचे जंतू गिळणाऱ्या पेशींना पुरेसं ड जीवनसत्त्व मिळालं की त्या कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात. पण यावरून ड घ्या आणि आजार टाळा असा निष्कर्ष काढता येत नाही. मंगोलियात हजारो शाळकरी मुलांना तीन वर्षं ड जीवनसत्त्व दिलं, तरी क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. ज्याच्या अंगात ते फार कमी आहे त्याला भरून द्यावं, ज्याच्यात पुरेसं आहे त्याला आणखी देऊन मी तरी काही मिळवलेलं पाहिलेलं नाही.

आणि त्यांची वेळ चुकतेय. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, पण सूर्य इतका खाली असताना यूव्हीबी हवेतच गळून जातात. एक सोपी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ड जीवनसत्त्व नावालाच बनतं. मे महिन्यात नागपुरात सातला सावली उंचीच्या तिप्पट असते, ती उंचीएवढी होते नऊच्या सुमारास. डिसेंबरच्या शेवटी तर भर दुपारीही ती जेमतेम उंचीएवढीच असते. म्हणून बाबांना म्हणा, उन्हाळ्यात नऊ-सव्वानऊला पंधरा मिनिटं, हिवाळ्यात अकरा ते एकच्या दरम्यान अर्धा तास, हात-पाय-पाठ उघडी, डोक्यावर टोपी किंवा उपरणं. त्याहून जास्त बसून जास्त ड मिळत नाही. ठराविक मर्यादेनंतर त्वचा ते निरुपयोगी रेणूंत बदलून टाकते, पहारा मंदावणं मात्र चालूच राहतं. बंद काचेच्या खिडकीमागे बसून तर काहीच मिळत नाही. आणि ७२ व्या वर्षी त्वचेतला कच्चा मालच कमी झालेला असतो, तेव्हा एकदा रक्त तपासून घ्याच. सकाळी सातला गच्चीवर बसायला मात्र माझी हरकत नाही. मोकळी हवा आहे, पाखरं आहेत, मन प्रसन्न होतं, तेही हवंच.

एक शेवटची ओळख करून देतो आणि मग मुलाकडे येतो. उमरेडकडचे एक शेतकरी, पन्नाशीचे. पापण्या सुजलेल्या, मानेची आणि कपाळाची कातडी जाड, काळी, भेगाळलेली. त्यांना वाटायचं ऊन बाधतंय. बाधत होतं गाजरगवत. त्याची धूळ हवेतून बसते आणि टी-पेशी तिला ओळखून ठेवतात. वर्षानुवर्षं हे चाललं की पुढे गवताशिवायही नुसत्या उजेडाने कातडी पेटायला लागते, कधी कधी घरातल्या खिडकीच्या उजेडानेही. अशा माणसाला कोणी "उन्हात बस, बरं वाटेल" म्हटलं तर त्याचं किती नुकसान होईल, विचार करा. तुमच्या गावाकडे कोणी असं असेल तर बांधावरचं गवत फुलण्याआधी दुसऱ्याने उपटावं, त्यांनी नव्हे.

आता तुमचा मुलगा. कोडात त्याच्याच टी-पेशी रंग बनवणाऱ्या पेशींना मारत असतात. म्हणजे इथे शिकलेली प्रतिकारशक्ती चुकीचा धडा शिकली आहे, आणि तिला गप्प बसवणं हेच औषध. मशीनमधल्या निळसर ट्यूबा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अगदी अरुंद पट्टा देतात. तो त्वचेतल्या हल्लेखोर टी-पेशी कमी करतो, नियंत्रक पेशी वाढवतो, आणि केसांच्या मुळाशी राखीव असलेल्या रंगपेशींना जागवतो. म्हणून सुधारणा केसांभोवतीच दिसते, पांढऱ्या डागात खसखशीच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके. ते ठिपके पहिल्यांदा दिसतात तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. चेहरा-मान लवकर भरते. बोटांची टोकं, ओठ हट्टी, कारण तिथे केस नाहीत. डागातले केसच पांढरे झाले असतील तर तिथेही धीर लागतो. सहा महिने नियमित घेऊन झाल्याशिवाय 'उपयोग नाही' असं म्हणू नका.

मग गच्चीवरचं ऊन का नको? मशीनमध्ये नेमका पट्टा आणि मोजलेली मात्रा असते. साधारण २०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटरपासून सुरू करतो आणि लालीचा अंदाज घेत दर वेळी १० ते २० टक्के वाढवतो. उन्हात कोणता किरण किती मिळाला हे कोणाला कळणार? त्यात बावचीचं तेल म्हणजे आगीत तेलच. बावचीत सोरालेन असतं, आयुर्वेदाला तिचा कोडातला उपयोग फार पूर्वीपासून ठाऊक होता, आणि आधुनिक पुवा उपचारही, म्हणजे सोरालेन देऊन वर यूव्हीए किरण देणं, सोरालेनवरच उभा आहे. पण सोरालेन यूव्हीएला त्वचेत कित्येक पटींनी जोर आणतं. तेल लावून पोराला दहा मिनिटं जास्त बसवलं की टरारून फोड येतात, आणि कोडात जखमेच्या जागी नवा डाग उठतो, म्हणजे होतं त्याहून वाढतं. असे भाजलेले मुलांचे पाय मी दर वर्षी बघतो. आजोबांवर रागावू नका, त्यांना नातवाचं भलंच हवंय, फक्त हे त्यांना वाचून दाखवा. मशीनने पुढे कर्करोग होईल का, ही भीती तुम्ही लिहिली नाही, पण मनात असेलच. जुन्या पुवा उपचारात वर्षानुवर्षं घेतलेल्या गोऱ्या रोग्यांत तो धोका वाढलेला दिसला. अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबीत कोडाच्या रोग्यांमध्ये तसं चित्र आजवर दिसलेलं नाही. गॉगल आणि जांघेचं झाकण मात्र एकदाही चुकवू नका.

एक गोष्ट तुमच्या हातात आहे. दिवाळीत, परीक्षेत, मामाच्या गावी गेल्यावर खंड पडतो आणि पोरं परत येऊन जुन्याच मात्रेवर उभी राहतात. मध्यंतरी त्वचेची सवय मोडलेली असते. आठवड्याच्या वर खंड पडला तर मात्रा पाव कमी करायची, दोन आठवड्यांच्या वर गेला तर निम्मी, तीन आठवड्यांच्या पुढे पुन्हा पहिल्यापासून. मशीनवर माणूस बदलला की हे राहून जातं. तेव्हा एक वही करा, प्रत्येक वेळची तारीख, मात्रा, दुसऱ्या दिवशी लाली आली का आणि किती तास टिकली, एवढं लिहा. चोवीस तासांनंतरही लाली किंवा आग असेल तर पुढची वेळ घेण्याआधी ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.